शोधल्याचे पैसे

मंडळी, आवाज 'खड्' असा होता. 'खट्ट' नाही, 'टक' नाही, 'कुंई' तर अजिबातच नाही. स्टीलच्या डब्यात एकच सुपारी टाकून हलवावी तसा, गाडीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यातून यायचा. आपल्या मराठीत आवाजांसाठी ढीगभर शब्द आहेत, पण पुण्यातल्या वर्कशॉपच्या जॉब कार्डावर त्या सगळ्यांचं मिळून एकच भाषांतर झालं: 'फ्रंट सस्पेन्शन नॉइज'. अर्धी माहिती तिथेच सांडली.

गाडी सेकंड हँड हॅचबॅक, नऊ वर्षं जुनी. कंपनी सांगत नाही, कारण तिचा यात काही दोष नाही. आणि मी? मी शेगावला मेकॅनिकल इंजिनियरिंग केलेला आणि गेली सहा वर्षं हिंजवडीत जावा लिहिणारा प्राणी. 'थिअरी ऑफ मशीन्स'चं जर्नल मी रूममेटचं बघून उतरवलं होतं (त्याने ते कोणाचं बघून उतरवलं होतं, देव जाणे). त्यामुळे गाडी वाजायला लागल्यावर मी तेच केलं जे कुठलाही आयटीवाला करतो. जालावर शोधलं. तिथे दहातल्या सात जणांनी 'शॉकअप' म्हटलं, आणि मी वर्कशॉपमध्ये जाऊन छातीठोकपणे सांगितलं, "पुढचे शॉकअप गेलेत बहुतेक."

ही माझी पहिली चूक. मी लक्षण घेऊन जायच्या ऐवजी निदान घेऊन गेलो. ज्या माणसाला शॉकअप विकायचे आहेत, त्याला तुम्ही स्वतःच येऊन सांगितलंत की शॉकअप गेलेत, तर तो काय 'नाही हो, जरा थांबा' म्हणणार आहे? अॅडव्हायजरने दोनदा बोनेट दाबून पाहिलं, 'हं' केलं आणि एस्टिमेट हातात दिलं. पुढचे दोन्ही शॉकअप, वरचे माउंट, मजुरी, अलाइनमेंट. अकरा हजार चारशे. म्हटलं टाका.

दोन दिवस आवाज कमी वाटला. (अकरा हजार दिल्यावर कुणालाही कमीच वाटेल.) तिसऱ्या दिवशी, खड्.

फोन केला तर म्हणे, "सर, मग लोअर आर्मची असेंब्ली बघावी लागेल." 'बघावी लागेल' म्हणजे बदलावी लागेल, हे एव्हाना मला कळलं होतं. आकडा आठ हजारांच्या पुढे होता. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि शुक्रवारी रात्री तशीच गाडी घेऊन घरी, चिखलीला निघालो.

गंमत अशी, की समृद्धी महामार्गावर गाडी लोण्यासारखी. कारला १२० ची मर्यादा, रस्ता काँक्रीटचा, आवाजाचा मागमूस नाही. महामार्ग सोडून चिखलीच्या रस्त्याला लागलो आणि सुपारी पुन्हा डब्यात. आता वाटतं, उत्तर तिथेच समोर पडलं होतं. पण तेव्हा मी फक्त शिव्या घातल्या, रस्त्याला.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या रस्त्यांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण ते या गोष्टीतलं एक पात्र आहेत. खालची माती काळी, कापसाची. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून अशी भेगाळते की भेगेत हात जावा. वर डांबर कितीही गुळगुळीत अंथरा, खालची जमीनच श्वास घेत असेल तर दोन-चार वर्षांत रस्त्याला लाटा येतात आणि कडा खचतात. त्यात रस्ता अरुंद. समोरून एसटी आली की आपण डावी चाकं साईडपट्टीवर उतरवायची आणि ती गेली की परत वर घ्यायची. म्हणजे एकच बाजू खाली, एकच बाजू वर, दिवसातून पन्नास वेळा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. (२०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ १३०० किलोमीटर चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. सस्पेन्शनची तक्रार नसलेला जिल्ह्यातला तो बहुधा एकमेव प्रवासी.)

असो. शनिवारी आई-बाबांना घेऊन शेगावला दर्शनाला निघालो. चिखली, मग खामगाव, मग शेगाव. खामगाव येईपर्यंत बाबा मागच्या सीटवर गप्प होते. मग म्हणाले, "हा आवाज घेऊन तू रात्री शंभरच्या वर गाडी हाणत आलास?"

"तिकडे वाजत नाही बाबा."

"वाजत नाही म्हणून तुटणार नाही असं कुठे लिहिलंय?"

रिटायर्ड मास्तरांच्या प्रश्नाला उत्तर नसतं. खामगावात गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडसमोर गाडी उभी केली. एक खड्डा, एक पोरगा, आणि पन्नाशीचे एक मिस्त्री. मी सवयीने सुरू केलं, "शॉकअप नवीन टाकलेत, तरी पण..."

"काय टाकलं ते नका सांगू भाऊ. कव्हा वाजते ते सांगा."

मी म्हटलं, खराब रस्त्यावर.

"तसं नाई. ब्रेकरवर दोन्ही चाकं संगं चढली त वाजते, का एकच चाक खड्ड्यात गेलं तव्हा वाजते?"

मंडळी, खरं सांगतो, दोन महिने मी तो आवाज रोज ऐकत होतो आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी तोंडाकडे बघत बसलो. मागून बाबा म्हणाले, "ब्रेकरवर नाही वाजत. खड्ड्यात वाजते. डावं चाक खाली उतरलं की जास्त."

"मंग शॉकअप नाई तुमचा," मिस्त्री म्हणाले आणि उठले.

आता हे त्याला बसल्या जागी कसं कळलं, ते सांगतो. (माझी डिग्री परत मिळवायचा हा एक केविलवाणा प्रयत्न.) गाडीच्या पुढच्या दोन चाकांमध्ये एक वाकवलेला स्टीलचा दांडा आडवा असतो. त्याचं काम एकच, वळणावर गाडी एका बाजूला कलायला लागली की पीळ खाऊन तिला आवरायचं. या दांड्याची दोन्ही टोकं प्रत्येकी एका छोट्या काडीने चाकाच्या बाजूच्या भागांना जोडलेली असतात. ही काडी म्हणजे लिंक रॉड. वीतभर लांब किंवा थोडी जास्त, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, त्यावर रबराचं बूट. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर आडवा दांडा नुसता आपल्या बुशांमध्ये फिरतो, त्याला पीळ पडत नाही, आणि काडीवर फारसा जोरही येत नाही. एकच चाक वर किंवा खाली गेलं की दांडा पिळतो आणि सगळा झटका त्या काडीच्या बॉलवर येतो. बूट फाटलं असेल, आत पाणी-माती जाऊन बॉल खिळखिळा झाला असेल, तर तो झटका वाजतो. खड्. शॉकअपचं तसं नाही. त्याला दोन्ही चाकं संगं गेली काय आणि एकेक गेलं काय, सारखंच काम. म्हणजे ब्रेकरवर गप्प आणि खड्ड्यात बोलणारी गाडी लिंककडे बोट दाखवत असते.

आणि वर्कशॉपमध्ये बोनेट दाबून पाहिलं तेव्हा काय झालं? दोन्ही चाकं एकदम खालीवर. नेमकी तीच स्थिती ज्यात लिंक वाजत नाही! डोक्याला हात लावा.

पण मिस्त्रींनी लगेच लिंक उघडली नाही. आधी खड्ड्यात उतरून लोअर आर्मच्या खालून टॉमी लावली आणि बॉल जॉइंट उचकटून पाहिला, दोन्ही बाजूंचा. मी विचारलं, तुम्हाला तर लिंकची खात्री आहे ना? म्हणाले, "हे पहिले पाहा लागते. लिंक वाजते, वाजू द्या, मरत नाई कोनी. हा निंघाला त चाक आडवं होते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

एकच 'खड्'. त्याचं कारण सहाशे रुपयांची काडीही असू शकतं आणि चालत्या गाडीचं चाक निखळवणारा जॉइंटही. 'फ्रंट सस्पेन्शन नॉइज' या तीन शब्दांत दोघंही बसतात. आई-बाबांना बसवून, रात्री त्या घाटरस्त्यांवरून गाडी चालवताना यातलं नेमकं कुठलं, हे मला माहीत नव्हतं. आणि अकरा हजार चारशे रुपये घेणाऱ्या वर्कशॉपलाही माहीत नव्हतं.

जॉइंट घट्ट निघाला. मग त्यांनी पोराला बाहेर गाडीच्या छताला धरून गाडी आडवी हलवायला लावली. झोपाळ्यासारखी, डावी-उजवी. मला खाली बोलावलं आणि माझं बोट डाव्या लिंकच्या बॉलवर ठेवलं. "आता पाहा." बोटाखाली टिक, टिक. उजव्या बाजूला बोट ठेवलं तर काही नाही, अगदी बारीकशी थरथर. डावी बाजू आधी का गेली, ते तुम्हाला कळलंच असेल. साईडपट्टी.

यानंतर जे केलं ते मला सगळ्यात जास्त आवडलं. पार्ट मागवायच्या आधी त्यांनी दोन्ही लिंकची टोकं सोडवली, दांडा हलू नये म्हणून तारेने बांधला, आणि शेजारी बसून म्हणाले, "चला त्याच रोडनं. हळू, वळनावर जोर नका करू." गेलो. डावं चाक मुद्दाम उतरवलं. शांत. पुन्हा उतरवलं. शांत! दोन महिन्यांत पहिल्यांदा गाडीत फक्त गाडीचा आवाज. रुपयाचा पार्ट न घेता दोष सिद्ध झाला होता. आमच्या हापिसात याला 'आयसोलेट करणं' म्हणतात आणि त्यासाठी लोक सर्टिफिकेशन करतात.

बदलायला वेळ लागला तो गंजाने. लिंकचा नट फिरवला की आतला बॉलच सोबत फिरतो, म्हणून टोकाला एलन की अडकवून धरायची आणि पान्याने नट सोडवायचा. उजव्या बाजूचा डिझेल शिंपडून सुटला. डाव्याचं कीचं भोकच गंजून गोल झालेलं, शेवटी ग्राइंडरने कापला. दुसरी गोष्ट, जॅक दोन्ही बाजूंना लावले. एकच बाजू उचलली तर दांडा पिळलेला राहतो, काडी ताणात राहते आणि बोल्ट भोकात बसत नाही. बॉल खिळखिळा आहे का ते पाहतानाही हाच घोळ. एकच बाजू जॅकवर असेल तर ताणामुळे ढिली लिंकही घट्ट लागते. घरी स्वतः करणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका.

बिल : लिंक दोन, प्रत्येकी साडेसहाशे. मजुरी तीनशे. एकूण सोळाशे.

बाबा म्हणाले, "दीड हजार करा राउंड."

आणि मिस्त्री 'बरं' म्हणाले! मला कसंतरीच झालं. मी विचारलं, "आणि शोधल्याचे?"

"शोधल्याचे काय पैसे घेता भाऊ?" ते हसले. मग हात पुसत म्हणाले, "मांगले त गिऱ्हाईक म्हनते, तुमी त नुसतं पाह्यलं. मांगच्या महिन्यात एकाची गाडी अशीच पाह्यली, अर्धा घंटा गेला. सांगतलं, बुश हाये. येतो म्हने उद्या. गेला अन् दुसरीकून टाकून घेतला, चाळीस रुपये सस्ता. मंग मी बी आता कवा कवा पाहतच नाई. गर्दी असली त सरळ पार्ट टाकून देतो. वाजनं बंद झालं त ठीक, नाई त दुसरा."

हे ऐकून मला धक्का बसला हे कबूल करतो. कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात या लेखाचा वेगळाच मसुदा तयार होत होता. पुण्याचं चकाचक वर्कशॉप लबाड, खामगावचा मिस्त्री देवमाणूस, वगैरे. तो मसुदा तिथेच फाटला. दोघंही तेच करतात, कारण आपण दोघांनाही पैसे त्याच गोष्टीचे देतो. पार्टचे. वर्कशॉपमध्ये प्रत्येक कामाला ठरलेले तास आणि ठरलेली मजुरी असते : शॉकअप बदलला की इतके, आर्म बदलला की इतके. 'अर्धा तास विचार केला आणि काहीच बदलायची गरज नाही असं ठरलं' याला बहुतेक ठिकाणी बिलावर ओळच नसते. मग विचार कोण करेल आणि कशासाठी?

हातोडीची ती गोष्ट तुम्हाला मेलवर शंभरदा आली असेल. बंद पडलेलं यंत्र, म्हातारा इंजिनियर, एक ठोका, आणि भलंमोठं बिल. ठोक्याचा एक रुपया, कुठे ठोकायचं ते माहीत असण्याचे बाकीचे सगळे. आपण आयटीवाले ती मोठ्या प्रेमाने फॉरवर्ड करतो कारण गोष्टीतला म्हातारा म्हणजे आपण, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गॅरेजसमोर उभे राहिलो की आपण बिलावर घासाघीस करणारा कारखानदार असतो.

माझंच बघा. गेल्या आठवड्यात प्रॉडक्शनवर एक बग होता. सहा तास लॉग वाचले, फिक्स निघाला एका ओळीचा. टाईमशीटवर मी काय लिहिलं? 'अॅनालिसिस : ६ तास'. क्लायंटने मुकाट पैसे दिले. त्याने मला विचारलं नाही की सहा तासांत नवीन पार्ट कुठला टाकलास, जुना दाखव. आणि तोच मी, ज्या माणसाने वीस मिनिटांत माझा बग शोधला, त्याची मजुरी राउंड होताना गप्प उभा.

यात कंपन्यांची बाजू आहेच. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, कारण सुटे भाग, मॅन्युअल आणि निदानाची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना खुलेपणाने मिळू दिली जात नव्हती. पुढे अपिलात त्या दंडात फेरबदल झाले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत. चांगलंच आहे. पण माझ्या केसमध्ये कुठलंही उपकरण लागणार नव्हतं. लिंक रॉडला सेन्सर नसतो, ती स्कॅनरला दिसत नाही. पुण्यात खड्डाही होता, लिफ्टही होती आणि मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा आयटीआय केलेली पोरंही असणार. वीस मिनिटं तेवढी नव्हती.

मी दोन हजार दिले आणि उरलेले परत घेतले नाहीत. गाडीत बाबांनी विषय काढलाच.

"पैसे वर आलेत का?"

"शोधल्याचे दिले."

"तू पुण्याहून येणार, पाचशे जास्त देऊन जाणार. उद्या तो अमडापूरच्या शेतकऱ्यालाही ट्रॅक्टरचे शोधायचे पैसे मागेल. त्याने कुठून द्यायचे?"

हा मुद्दा मला झटकून टाकता येत नाही. चेकिंगच्या नावाखाली लूट होऊ शकते हेही खरं. डॉक्टरांना आपण तपासल्याची फी देतो, म्हणून सगळे डॉक्टर नुसती गरजेचीच औषधं लिहितात का? मी बाबांना एवढंच म्हटलं, की तो शेतकरी आजही शोधायचे पैसे देतोच आहे, फक्त चुकीच्या पार्टच्या रूपाने. मी अकरा हजार चारशे दिले तसे. घरी आलेला एसीवाला 'व्हिजिट'चे तीन-चारशे घेतो आणि काम करून घेतलं तर त्यातून वळते करतो, तसं गॅरेजमध्ये का नको? शंभर रुपये घ्या, शोधा, पार्ट टाकला तर मजुरीत धरा, नाही टाकला तर शंभर तुमचे. बाबा म्हणाले, "शंभर ठीक आहे. पाचशे नाही." मास्तरांशी झालेला हा माझ्या आयुष्यातला बहुधा सर्वात यशस्वी वाद.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. यापुढे गॅरेजमध्ये पार्टचं नाव काढायचं नाही. कधी वाजते, कुठल्या वेगाला, एका चाकाला की दोन्हींना, एवढंच एका कागदावर लिहून न्यायचं. काय बदलणार याच्या आधी 'कशावरून?' विचारायचं. जुना पार्ट मागून घ्यायचा. आणि शोधल्याचे पैसे आपणहून काढून द्यायचे, समोरच्याने नाही म्हटलं तरी.

जुनी डावी लिंक आता हापिसात माझ्या मॉनिटरशेजारी पडली आहे. बॉल हलवला की अजूनही बारीक वाजते. सोमवारी तीच हातात घेऊन खेळत होतो तेव्हा पुण्याच्या वर्कशॉपमधून फीडबॅकचा फोन आला.

"सर, फ्रंट सस्पेन्शन नॉइजचा प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला का?"

म्हटलं, हो, झाला.

"थँक यू सर! मग रेटिंग दहापैकी दहा टाकू ना?"